होइचीवर शॉर्टफिल्म करतोय: भुतं दाखवावीत की नकोत?

मोजीकर

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचत होतो, आता काम अडलं म्हणून धागा काढतोय.

मी जपानात किताक्युशूला शिकतो. राहतो मोजीत, कान्मोन सामुद्रधुनीच्या काठावर. समोर शिमोनोसेकी दिसतं. आमच्या कॉलेजच्या फिल्म सर्कलने यंदा 'कान नसलेला होइची' ही गोष्ट घेतली आहे. लांबी पंधरा मिनिटं, कॅमेरा एका पोराचा स्वतःचा, लाइट उसने, पैसे सगळ्यांच्या पार्टटाइमच्या पगारातले. मी साउंडला आहे, कारण बूम (माइकची लांब काठी) धरायला उंच माणूस हवा होता.

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ११८५ साली इथेच, दान्नोउराला, गेन्जी आणि हेइके या घराण्यांची शेवटची आरमारी लढाई झाली. हेइके संपले. बालसम्राट आन्तोकुला घेऊन त्याच्या आजीने पाण्यात उडी टाकली. पुढे कित्येक वर्षांनी, काठावरच्या आमिदाजी नावाच्या देवळात होइची हा आंधळा बिवावादक राहत असतो (बिवा म्हणजे जपानी तंतुवाद्य). दान्नोउराची लढाई गाण्यात त्याचा हात धरणारं कोणी नाही. उकाड्याच्या एका रात्री देवळात कोणी नसताना चिलखत घातलेला माणूस येतो, नावाने हाक मारतो आणि आमच्या धन्याला लढाई ऐकायची आहे म्हणून घेऊन जातो. मोठा दरबार, माणसांची कुजबुज, गाणं ऐकून रडारड. दुसऱ्या रात्री पुन्हा. तिसऱ्या रात्री देवळातले गडी मागावर जातात तर हा भर पावसात आन्तोकुच्या थडग्यासमोर एकटाच बसून गातोय! मग देवळाचे भिक्षू त्याच्या अंगभर बौद्ध सूत्र लिहितात, म्हणजे भुताला तो दिसणार नाही. फक्त कानांवर लिहायचं राहतं. भुताला दिसतात ते हवेत लटकलेले दोन कान, आणि तो तेवढेच उपटून नेतो.

आता भांडण असं आहे की दिग्दर्शिका म्हणते भुतं अजिबात दाखवायची नाहीत. कॅमेरावाला म्हणतो, मग मी काय दाखवू? दोघांचंही पटतं, त्यामुळे दोघंही माझ्यावर चिडतात. तुम्हाला काय वाटतं?

---

कोथरूडचं_भूत

दाखवा हो. आमच्याही पोटापाण्याचा प्रश्न आहे.

---

निहोंगोवाली_मावशी

मोजीकर, विषय छान निवडलात. मी पुण्यात जपानी शिकवते आणि दरवर्षी एका तरी बॅचला ही गोष्ट सांगते, म्हणून जरा लांबण लावते.

पहिलं, हक्कांची काळजी नको. गोष्ट जगाला माहीत झाली ती लाफ्कादिओ हर्न ऊर्फ कोइझुमी याकुमो यांच्या १९०४ सालच्या 'क्वाइदान' या पुस्तकामुळे, आणि ते त्याच वर्षी वारले. त्यांनी ती घेतली १७८२ च्या 'गायू किदान' या संग्रहातून. म्हणजे सगळं कधीच मुक्त झालंय. दिग्दर्शक कोबायाशींचा १९६४ चा 'क्वाइदान' सिनेमा मात्र वेगळी गोष्ट. त्यातली फ्रेम जशीच्या तशी उचलू नका. नव्वदच्या दशकातल्या जपानी भयकादंबऱ्या घेतल्या असत्यात तर परवानग्यांतच वर्ष गेलं असतं.

दुसरं, हर्न यांचा डावा डोळा सोळाव्या वर्षी गेला होता आणि उजव्यानेही फार कमी दिसायचं. जपानी वाचनही बेताचंच. बायको सेत्सु गोष्टी सांगायची आणि ते ऐकायचे. सेत्सुबाईंनी आठवणींत लिहिलंय, की होइचीवर काम चाललं होतं तेव्हा संध्याकाळ झाली तरी ते दिवा लावत नसत. एकदा तिने शेजारच्या खोलीतून हळूच 'होइची, होइची' अशी हाक मारली. आतून उत्तर आलं, 'होय, मी आंधळा आहे. आपण कोण?' आणि पुन्हा सामसूम.

मूळ इंग्रजी एकदा मोठ्याने वाचून बघा. पहिल्या रात्री होइचीला नेतात त्या सबंध प्रसंगात एकही दृश्य नाही. लोखंडी हात, चिलखताचा खणखणाट, सरकते दरवाजे उघडल्याचा आवाज, पायऱ्या, पायाखालच्या फळ्या, रेशमाची सळसळ, एका म्हातारीचा आवाज. लेखकाने साउंड डिझाइन लिहूनच ठेवलंय तुमच्यासाठी.

---

एडिटटेबल

मावशींच्या प्रतिसादाला +१, वाचनखूण साठवली. पण दिग्दर्शिकेशी असहमत.

विद्यार्थ्यांच्या महोत्सवात बसून बघा एकदा. पहिल्या दोन मिनिटांत पडद्यावर काही घडलं नाही की मागच्या रांगेत मोबाइल उजळायला लागतात. 'दाखवायचंच नाही' हे ऐकायला भारी वाटतं, पण पुष्कळदा त्याच्या मागे बजेट नाही हेच कारण असतं आणि प्रेक्षकाला ते बरोबर कळतं. कोबायाशींनी भुतं चांगली राजरोस दाखवली आहेत, अख्खा दरबार. लढाई दाखवताना स्टुडिओतला समुद्र आणि चित्रातली लढाई यांची सरमिसळ केली. विमानाच्या रिकाम्या हँगरमध्ये सेट, मागे रंगवलेलं आभाळ. खोटं आहे हे लपवायचा प्रयत्नच नाही. १९६५ ला कान चित्रपट महोत्सवात ज्युरीचं खास पारितोषिक मिळालं त्याला. तेव्हा पैसे नाहीत तर खोटेपणा उघड करा. कागदी भुतं करा, सावल्या करा. पण काळा पडदा नको.

---

मोजीकर

मावशी, सेत्सुबाईंचा किस्सा ग्रुपवर टाकला. दिग्दर्शिका म्हणाली, 'बघ, मी सांगत होते.' कॅमेरावाल्याने एडिटटेबल यांचा प्रतिसाद भाषांतर करून मागितला. म्हणजे भांडण आता आंतरराष्ट्रीय झालंय.

कोणी ड्रोन सुचवायच्या आत सांगतो: इथे १०० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनला नोंदणी लागते, रात्री उडवायला वेगळी परवानगी, आणि खाली जहाजांची ही वर्दळ. विषय बंद.

---

पांढरीकाठी

मी जन्मापासून पूर्ण अंध आहे, स्क्रीन रीडरवर धागा ऐकतोय. दोन गोष्टी सांगतो.

एक, तुमच्या नटाला हात पुढे पसरून, चाचपडत चालायला लावू नका. होइची त्या देवळात राहतो. ओसरीची कडा कुठे संपते, कुठली फळी करकरते, हे त्याला पाठ असणार. आपल्या घरात अंध माणूस तुमच्यासारखाच सरळ चालतो. चाचपडतो तो नवीन जागी, आणि तेही पायाने आणि काठीने जास्त. डोळेही घट्ट मिटायला लावू नका, आमच्यापैकी बऱ्याच जणांचे डोळे उघडे असतात.

दुसरी महत्त्वाची. मला कोणी रस्ता दाखवायचा तर मी त्याचं कोपर धरतो. तो अर्धं पाऊल पुढे, त्याचा दंड वर गेला की मला कळतं पायरी आली. धरणारा मी असतो. हवं तेव्हा सोडता येतं. पण रेल्वे प्लॅटफॉर्मवर भली माणसं काय करतात, एक शब्द न बोलता मनगट पकडतात आणि ओढत सुटतात. हेतू चांगलाच असतो, मान्य. पण त्या क्षणी कोण आहे, कुठे नेतोय, पुढे खड्डा आहे की गाडी, काही कळत नाही, आणि हात सुटत नाही.

मावशींनी लोखंडी हात लिहिला ना, तिथे मी थांबलो. ते भूत होइचीचा हात धरतं. होइची त्याचं कोपर धरत नाही. तुमची सगळी भीती तिथे आहे. दरबार, कागदी भुतं वगैरे नंतर बघा. आधी ते मनगट बघा.

---

कोथरूडचं_भूत

इथे विनोद करणार होतो, राहू दे. जबरदस्त प्रतिसाद.

---

एडिटटेबल

पांढरीकाठी, हे एकदम मान्य. शॉट मिळाला की! मनगटाचा क्लोजअप, चिलखताचा पंजा, बाकी अंधार. एवढं भूत दाखवा आणि मी गप्प बसतो. (बहुतेक.)

---

मोजीकर

पांढरीकाठी, दिग्दर्शिकेला फोनवर वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली स्टोरीबोर्ड फाडते. आता सुरुवातीला एक छोटा प्रसंग घातलाय: देवळातला पोरगा होइचीला विहिरीकडे नेतो, होइची त्याचं कोपर धरून गप्पा मारत चालतो. मग रात्री तो पंजा. संवाद न घालता फरक कळेल असं वाटतं.

आता दुसरी अडचण, बिवा. बिवा भाड्याने मिळेल, पण वाजवणार कोण? इकडे फुकुओकाकडचा चिकुझेन बिवा शिकवणारे आहेत, पण तो प्रकार मेइजी काळातला (१८६८-१९१२). गोष्टीतले बिवावाले भिक्षू वाजवायचे तो हेइके बिवा वेगळा. कोणाला एवढं कळणार आहे का?

---

मिरजेचा_तंबोरा

जपानातल्या प्रेक्षकांत एखादा तरी निघेलच कळणारा. पण विद्यार्थ्यांना तेवढी सूट मिळते. कोबायाशींच्या सिनेमात ताकेमित्सुंच्या संगीतासाठी वाजवलंय त्सुरुता किन्शी या बाईंनी, आणि त्यांची परंपरा सात्सुमा बिवाची. तेही काटेकोर ऐतिहासिक नाहीच. लोक साठ वर्षं ऐकतायत.

आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे बनतात, म्हणून एक सांगतो. बिवाच्या तारेला जी भुणभुण असते, तिला ते सावारी म्हणतात. तंबोऱ्याच्या घोडीवर आम्ही कानसेने घासून घासून जी जवारी काढतो, तशीच ती. तार स्वच्छ वाजली तर वाद्य मेलं असं समजायचं. तेव्हा रेकॉर्डिंग करताना कोणी हुशार माणूस ती भुणभुण 'नॉइज' समजून सॉफ्टवेअरने साफ करणार नाही एवढं बघा. माइक पडद्यांजवळ ठेवा. हातातलं ते पंख्यासारखं मोठं बाची (तारा छेडायची पट्टी) वाद्याच्या पोटावर आपटतं, तो फटका वेगळा घ्या. तलवारी, वल्ही, बाण, सगळं त्या फटक्यांतून निघतं.

आणि कृपा करून बिवा मिळाला नाही म्हणून तंबोरा लावू नका. हात जोडतो.

---

खवचट_खारूताई

सूत्र कोणतं लिहिणार अंगावर? प्रज्ञापारमिताहृदय ना? ते तर आपलं. देवनागरीतच लिहा की, अस्मिता पण होईल आणि चिनी चित्रलिपी गिरवण्यापेक्षा पटकन उरकेल.

---

निहोंगोवाली_मावशी

खारूताई, आमिदाजीचा भिक्षू देवनागरी कुठून आणणार? तो तेच सूत्र 'हान्न्या शिंग्यो' म्हणून लिहिणार कांजीत, म्हणजे चिनी चित्रलिपीत, तीच अक्षरं त्याला रोज म्हणायची सवय. जपानात संस्कृत अक्षरं दिसतात ती सिद्धम् लिपीत. स्मशानात थडग्यांमागे लाकडी उंच पट्ट्या उभ्या असतात, सोतोबा म्हणतात, त्यांवर ती अजूनही लिहितात. मोजीकर, स्मशानाच्या प्रसंगात सोतोबा दिसणार असतील तर तेवढी अक्षरं मात्र जाणकाराकडून लिहून घ्या.

आपला धागा जुळतो तो दुसरीकडे. होइची जी हेइके कथा गातो तिची सुरुवातच 'गिओन शोजा'च्या घंटेने होते, म्हणजे श्रावस्तीचं जेतवन. सगळं अनित्य आहे असं ती घंटा सांगते. आणि सूत्राच्या शेवटचा गते गते पारगते हा मंत्रही जपानी भिक्षू म्हणतात तो संस्कृतच, त्यांच्या उच्चारात. तो जरूर ऐकवा, अर्थ सांगत बसू नका.

---

मोजीकर

तेच सूत्र. २६२ अक्षरं. मोजायला सोपं, लिहायला नाही, कारण एवढ्यात छाती-पोटसुद्धा भरत नाही. अंगभर म्हणजे तेच पुन्हापुन्हा. चाचणीला आम्ही साध्या सुमी शाईने ब्रशने पाठीवर लिहिलं. सुकेपर्यंत नट हलला, घाम आला आणि दोन ओळींचा काळा ओघळ झाला. शिवाय लिहिणाऱ्या मुलीला कॅलिग्राफी येते पण माणसाची कातडी कागदासारखी ताठ नसते. बरगडीवर अक्षर वाकडं आणि नटाला गुदगुल्या.

---

रंगपेटी

नाटकाचा मेकअप करते, माझे दोन पैसे.

शाई विसरा. धड, हात, पाय यांच्यासाठी टॅटू ट्रान्सफर पेपर घ्या, घरच्या प्रिंटरवर निघतो. तुमच्या कॅलिग्राफीवालीकडून कागदावर दोन-तीन वेगवेगळ्या हातांनी सूत्र लिहून घ्या, स्कॅन करा, उलटं करून छापा. उलटं करायला विसरलात तर छातीवर आरशातली अक्षरं येतील आणि जपानी प्रेक्षक पहिल्याच सेकंदाला हसेल. लावण्याआधी कातडी स्पिरिटने पुसा, तेलकटपणा गेला पाहिजे. वरून ट्रान्सलुसंट पावडर.

चेहरा, मान, हाताचे पंजे मात्र ब्रशनेच, कारण क्लोजअप तिथे. वॉटरप्रूफ लिक्विड आयलायनर वापरा. पापण्यांवर लिहिणार असाल तर डोळ्यांसाठीच बनवलेलं, दुसरं काही नको. आधी कानामागे लावून दिवसभर थांबा, पुरळ येत नाही ना बघा.

हा प्रसंग एकाच रात्रीत संपवा. दुसऱ्या दिवशी तीच अक्षरं त्याच जागी येणं नाही.

अजून एक. लिहिताना कानाच्या पाळीपर्यंत ओळ आणून तोडू नका. प्रेक्षकाला 'अरे कान राहिले' हे आधीच दिसेल. केसांच्या रेषेत ओळी अशा वळवा की डोळा कानावर थांबणारच नाही.

---

खवचट_खारूताई

पण राहिले कसे? इतका विद्वान भिक्षू, अंगभर लिहितो आणि एवढे ढळढळीत दोन कान विसरतो?

---

निहोंगोवाली_मावशी

हर्न यांच्याकडे उत्तर आहे. लिहायला दोघं होते, भिक्षू आणि त्याचा शिष्य. कानांकडचं काम शिष्यावर सोपवलेलं. भिक्षू नंतर म्हणतो, मी स्वतः तपासून बघायला हवं होतं. आणि तो त्या रात्री पुन्हा बाहेरगावी निघालेला, घाईत. ऑफिसात काम केलेल्या कोणालाही पटेल.

---

एडिटटेबल

मी बहुतेक म्हणालो होतो, तेव्हा पुन्हा आलो.

मोजीकर, रचना सांगतो, बघा पटते का. गोष्टीत डोळस माणसाच्या नजरेतून दिसणारी जागा मुख्यतः एकच आहे: गडी कंदील घेऊन स्मशानात पोचतात ती. तोपर्यंत प्रेक्षकाला होइचीच्या चेहऱ्यावर, बोटांवर आणि त्या पंजावर अडकवून ठेवा. आवाजात पूर्ण दरबार भरू द्या, शेकडो माणसं. प्रेक्षक मनात महाल बांधतोच. मग कंदील आला की एकदम वाइड शॉट. पाऊस, थडगी, ओला होइची बेभान वाजवतोय, आणि दरबाराचा आवाज कट. नुसता बिवा आणि पाऊस. कॅमेरावाल्याला त्याचा मोठा शॉट मिळाला, दिग्दर्शिकेची भुतं लपलेली राहिली.

ट्रेलरमध्ये मात्र हा शॉट टाकू नका, नाहीतर येऊन मारीन.

---

मोजीकर

एडिटटेबल, कॅमेरावाला तुम्हाला साष्टांग नमस्कार सांगतो (मी शिकवलाय त्याला).

लोकेशनचं सांगतो. आमिदाजी आता नाही. मेइजी सरकारने देवळं आणि शिंतो मंदिरं वेगळी केली तेव्हा त्याचं आकामा जिंगू हे शिंतो मंदिर झालं. लाल-पांढरा भव्य दरवाजा, समुद्राकडे तोंड. आवारात होइचीची छोटी इमारत आहे, आत त्याची बिवा घेतलेली लाकडी मूर्ती, कानांशिवाय. शेजारी हेइकेंची थडगी. आन्तोकुची समाधी राजघराण्याच्या खात्याकडे, तिथे ट्रायपॉड लावायचा विचारही नको. म्हणून स्मशान आम्ही आतल्या एका खेड्यातल्या देवळाच्या आवारात करतोय, तिथल्या भिक्षूंनी आनंदाने हो म्हटलं.

समुद्राचा आवाज मात्र मला इथलाच हवा. पाण्याची दिशा इथे दिवसातून चार वेळा फिरते, जोर असला की दहा नॉटपर्यंत जातो. लढाईचा निकालही प्रवाह फिरल्याने लागला असं म्हणतात. पण रेकॉर्डर लावला की वर कान्मोन पुलावरचे ट्रक, खाली मालवाहू जहाजांची घरघर. रात्री काठावर जहाजांसाठी प्रवाह सांगणारा मोठा दिव्यांचा फलकही उजळतो, तो फ्रेममध्ये आला की जुना काळ खलास. त्यामुळे चित्र नाही, नुसता आवाज घेतोय, पहाटे, भिंतीच्या कपारीत माइक घालून. तिथे पाणी दगडात शिरताना घशातून आल्यासारखा आवाज काढतं.

आता शेवटची अडचण: कान उपटल्यावर आवाजाचं काय करू? मला वाटतं, सबंध फिल्म दोन कानांत छोटे माइक घालून रेकॉर्ड करावी आणि तिथून पुढे एकदम मोनो, म्हणजे दोन्हीकडे एकच आवाज.

---

पांढरीकाठी

कल्पना छान, पण तसं होत नाही. बाहेरची पाळ गेली तरी ऐकू येतं. डावं-उजवंही कळतं, कारण ते दोन कानांमधल्या फरकावर. पाळ सांगते ती पुढचं-मागचं आणि वरचं-खालचं. ते गेलं की हाक समोरून आली की पाठीमागून, हे सांगता येणार नाही.

होइचीसाठी हे मोनोपेक्षा वाईट आहे. तसंच करा. शेवटी भिक्षू समोर उभा राहून बोलतोय आणि होइची मागे वळतोय.

---

एडिटटेबल

अंगावर काटा. उपटतानाचा आवाज?

---

रंगपेटी

ओली शॅमॉय लेदर पिळत फाडा, सोबत सेलरीचा दांडा मोडा. पण अगदी थोडं. गोष्टीत होइची ओरडत नाही, ते पाळा. रक्त दाखवायचं तर भिक्षू परत येतो तेव्हा ओसरीवर त्याचा पाय कशावर तरी घसरतो, आणि मग तो कंदील खाली नेतो. तेवढं पुरे.

---

मोजीकर

ठरलं. पाळ्या सिलिकॉनच्या, फाडणं ऑफस्क्रीन, वळण्याचा शॉट शेवटी. गोष्टीत पुढे होइची प्रसिद्ध आणि श्रीमंत होतो ते आम्ही सोडतोय. पावसाळा संपायच्या आत स्मशान उरकायचं, म्हणजे पाऊस फुकट. महोत्सवात झाल्यावर मराठी सबटायटल्ससह लिंक इथे देईन. हेइके कथेचा गायलेला भाग मराठीत आणायला मदत लागेल, जुनी जपानी आहे.

---

निहोंगोवाली_मावशी

पाठवा. ओळी आणि टाइमकोड दोन्ही द्या, आणि गाणारा कुठे श्वास घेतो त्या खुणा करून पाठवा. आदल्या रात्री नको.